डेन्व्हरच्या दुकानात गांजा कायदेशीर आहे, पण एच-१बी वरच्या माणसासाठी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकटा भाऊ डेन्व्हरला (कोलोरॅडो राज्यात) एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू आहे. कोलोरॅडोत गांजा कायदेशीर आहे, आणि आता ट्रम्प सरकारनेही त्याचं शेड्यूल (केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीतला दर्जा; एक सगळ्यांत कडक, पाच सगळ्यांत सौम्य) खाली आणायचं ठरवलंय. मग त्याने तिथल्या परवानाधारक दुकानातून गमी (गांजाचा अर्क घातलेल्या चघळायच्या गोळ्या) घेतल्या, किंवा गांजाच्या दुकानांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली, तर बिघडलं कुठे?

सरळ उत्तर: दोन्ही करू नये. शेड्यूल बदललं तरी करू नये. तुमचा भाऊ राहतो कोलोरॅडोत, पण त्याचा व्हिसा, ग्रीन कार्ड आणि पुढची सिटिझनशिप यातलं काहीही कोलोरॅडोच्या हातात नाही. ते सगळं फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्यावर चालतं आणि त्या कायद्यात गांजा आजही गुन्हा आहे.

हा घोळ समजून घेतला की पुढचे सगळे नियम आपोआप लक्षात राहतात. १९७० च्या कंट्रोल्ड सबस्टन्सेस ॲक्टने गांजा शेड्यूल एकमध्ये, म्हणजे हेरॉइनच्या रांगेत बसवला. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने मतदारांच्या कौलाने औषधी वापराला मोकळीक दिली. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्याने मौजेखातर वापरालाही परवानगी दिली, आणि १ जानेवारी २०१४ ला कोलोरॅडोत पहिली दुकानं उघडली. आज अशी २४ राज्यं आहेत. पण या राज्यांनी केलंय काय? आपल्या कायद्यातली शिक्षा काढून टाकली, दुकानांना परवाने दिले, कर बसवला. फेडरल कायदा रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला नाही. २००५ च्या रेच खटल्यात सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगून टाकलं, की स्वतःच्या आजारासाठी, स्वतःच्या अंगणात, राज्याच्या परवानगीने लावलेलं रोपसुद्धा फेडरल सरकार उपटू शकतं.

उलट बाजूने, राज्याच्या पोलिसांनी फेडरल कायदा राबवलाच पाहिजे अशी सक्ती फेडरल सरकारला करता येत नाही. फेडरल यंत्रणेकडे प्रत्येक दुकानावर धाड घालण्याइतकी माणसं नाहीत. म्हणून दुकानं चालतात. ओबामांच्या काळात, २०१३ मध्ये न्याय खात्याने एक मेमो काढून ‘राज्याचे नियम पाळणाऱ्यांच्या मागे लागू नका’ असं सरकारी वकिलांना सांगितलं. जानेवारी २०१८ मध्ये तो मेमो मागे घेतला गेला. २०१४ च्या डिसेंबरपासून बजेटमध्ये दरवर्षी एक अट घातली जाते, की राज्यांच्या औषधी गांजाच्या कायद्यात अडथळा आणायला न्याय खात्याने पैसा खर्च करायचा नाही. ही अट फक्त औषधी गांजापुरती आहे आणि फक्त न्याय खात्याला बांधते. व्हिसा देणारं परराष्ट्र खातं आणि विमानतळावरचे अधिकारी ज्याच्या हाताखाली येतात ते होमलँड सिक्युरिटी खातं, या दोघांना ती लागू नाही. राज्यातला सामान्य अमेरिकन नागरिक या डोळेझाकीच्या आधारावर निर्धास्त राहतो. परदेशी माणसाच्या बाबतीत डोळेझाक होत नाही, कारण त्याला दर काही वर्षांनी स्वतःहून फेडरल अधिकाऱ्यासमोर कागद घेऊन उभं राहावंच लागतं.

मग काँग्रेस हा तिढा सोडवत का नाही? लोकमत तर केव्हाच फिरलंय. गॅलपच्या पाहणीत १९६९ साली १२ टक्के लोक कायदेशीर करण्याच्या बाजूने होते, २०२३ मध्ये ७० टक्के. प्रतिनिधिगृहाने गांजा यादीतून पूर्ण काढून टाकणारं विधेयक २०२० मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मंजूर केलं. दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडलं, कारण तिथे व्यवहारात ६० मतं जमवावी लागतात. शिवाय भांडण नुसतं दोन पक्षांमधलं नाही. २०२४ मध्ये फ्लोरिडात गांजा कायदेशीर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ट्रम्प त्याच्या बाजूने होते आणि त्याच पक्षाचे गव्हर्नर डिसँटिस विरोधात. सुमारे ५६ टक्के मतं पडूनही तो प्रस्ताव हरला, कारण तिथे घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. विरोधकांकडे मुद्दे नाहीत असंही नाही. आजच्या काही अर्कांमध्ये टीएचसीचं (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं) प्रमाण ७० ते ९० टक्क्यांपर्यंत जातं, आणि चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या गमी लहान मुलं खातात ही खरी काळजी आहे. ऑरेगनने २०२० मध्ये हेरॉइन-मेथसकट सगळ्याच अमली पदार्थांच्या किरकोळ साठ्याची शिक्षा काढली, पण उपचारांची सोय वेळेत उभी राहिली नाही. लोकांचा रोष एवढा वाढला की १ सप्टेंबर २०२४ पासून असा साठा बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. तिथला गांजा कायदेशीरच राहिला, पण त्या अनुभवाचा दाखला गांजाच्या चर्चेतही दिला जातो.

आता शेड्यूल बदलण्याबद्दल, कारण सगळ्यांत मोठा गैरसमज इथे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्य खात्याने गांजा शेड्यूल तीनमध्ये आणण्याची शिफारस केली, मे २०२४ मध्ये न्याय खात्याने तसा प्रस्ताव मांडला, जानेवारी २०२५ मध्ये सुनावणी लांबली, आणि १८ डिसेंबर २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हे काम लवकर पूर्ण करण्याचा आदेश काढला. बातम्यांमध्ये याचं वर्णन ‘गांजा कायदेशीर होणार’ असं झालं. तसं नाही. शेड्यूल तीनमधली वस्तू म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर, एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) मंजूर केलेल्या औषधाच्या रूपात मिळणारी वस्तू. डेन्व्हरच्या दुकानातली गमी तशी नाही, त्यामुळे तिची विक्री फेडरल कायद्याने बेकायदाच राहते.

खरा फायदा दुकानदारांना होतो आणि तो आयकराचा आहे. १९८२ पासून आयकर कायद्यात २८०-ई नावाचं कलम आहे. शेड्यूल एक आणि दोनमधल्या मालाचा धंदा करणाऱ्याला भाडं, पगार, जाहिरात असे खर्च वजा करता येत नाहीत. फक्त मालाची खरेदी वजा होते. समजा दुकानाची विक्री १० लाख डॉलर, मालाचा खर्च ६ लाख, भाडं-पगार वगैरे ३ लाख. प्रत्यक्ष नफा १ लाख. साध्या कंपनीला २१ टक्क्यांनी २१ हजार कर पडला असता. गांजाच्या दुकानाला ४ लाखांवर, म्हणजे ८४ हजार भरावे लागतात. हातात राहतात १६ हजार. शेड्यूल तीनमध्ये गेल्यावर हे कलम लागू होत नाही. या उद्योगाचे लोक एवढा जोर का लावतात ते या हिशेबावरून कळतं.

पण इमिग्रेशन कायद्याची भाषा बघा. तिथे ‘शेड्यूल एक’ असा शब्दच नाही. ‘कंट्रोल्ड सबस्टन्स’ असा आहे, आणि त्यात शेड्यूल एकपासून पाचपर्यंतचं सगळं येतं. एकमधून तीनमध्ये गेल्याने तुमच्या भावाच्या परिस्थितीत काडीचाही फरक पडत नाही. यादीतून नाव पूर्ण काढलं गेलं तरच पडेल, आणि ते ट्रम्प यांच्या आदेशात नाही.

या कायद्यात परदेशी माणसासाठी दोन वेगवेगळी दारं आहेत. एक आत येण्याचं: व्हिसा स्टॅम्पिंग, विमानतळ, ग्रीन कार्डचा अर्ज. दुसरं बाहेर काढण्याचं, म्हणजे डिपोर्टेशन. बाहेर काढण्याच्या कलमात एक सवलत आहे: स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅम किंवा त्याहून कमी गांजा जवळ असल्याचा एकच गुन्हा असेल तर तेवढ्यावरून हाकलता येत नाही. लोक हे कुठेतरी वाचतात आणि निर्धास्त होतात. आत येण्याच्या कलमात ही सवलत नाही. मेख इथेच आहे. ग्रीन कार्ड असलेला माणूस अशा एका किरकोळ शिक्षेनंतर अमेरिकेत वर्षानुवर्षं सुखाने राहू शकतो. मग भाच्याच्या लग्नासाठी पुण्याला येतो आणि परतताना नेवार्कच्या विमानतळावर त्याला बाजूला घेतात, कारण देशाबाहेर पडून परत आल्यावर कायदा त्याला ‘नव्याने प्रवेश मागणारा’ धरतो. तिथून सुटायला माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो. तो ३० ग्रॅमपर्यंतच्या एका गुन्ह्यासाठीच मिळू शकतो, आणि त्यासाठी अनेकदा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार, आई-वडील किंवा मुलांचे अतोनात हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. एच-१बी वाल्यासाठी माफीचा मार्ग निराळा आहे आणि तो पूर्णपणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे.

‘शिक्षा झाली’ याचा अर्थही इथे वेगळा आहे. राज्याच्या कोर्टात गुन्हा कबूल केला, न्यायाधीशाने एक कोर्स करायला सांगितला, कोर्स झाल्यावर खटला रद्द झाला आणि रेकॉर्डही पुसलं. राज्याच्या लेखी माणूस स्वच्छ. इमिग्रेशनच्या लेखी कबुली अधिक कोणतंही बंधन म्हणजे शिक्षा, आणि पुसलेलं रेकॉर्ड सहसा पुसलेलं धरत नाहीत. बायडन यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये गांजा बाळगण्याच्या फेडरल गुन्ह्यांना माफी दिली, ती नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरती होती. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरचे त्यात नव्हते.

त्याहून धोक्याची गोष्ट अशी, की शिक्षा व्हायलाच हवी असं नाही. आत येण्याच्या कलमाखाली गुन्हा ‘मान्य केला’ तरी पुरतं. विमानतळावर अधिकारी फोन तपासायला मागू शकतात. दुकानातला सेल्फी, पावतीचा ईमेल, ‘वीकेंडला गमी आणतो’ असा मेसेज, यातलं काहीही दाखवून विचारतात: हे तुमचंच ना? ‘हो, पण कोलोरॅडोत चालतं’ हे उत्तर बचाव वाटतं, पण तीच कबुली आहे. १९५७ च्या एका निवाड्यानुसार अशी कबुली ग्राह्य धरण्यासाठी अधिकाऱ्याने आधी गुन्ह्याची व्याख्या समजेल अशा भाषेत सांगायला हवी, आणि कबुली स्वेच्छेची असायला हवी. वकील नंतर याच मुद्द्यावर लढतात. पण १८ तासांच्या प्रवासानंतर, मागच्या खोलीत बसवलेल्या माणसाला हे आठवत नाही.

म्हणून खोटं बोलावं का? अजिबात नाही. महत्त्वाच्या बाबतीत खोटं बोलणं हा स्वतंत्र आणि कायमचा अडथळा आहे, तो गांजापेक्षाही वाईट. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो, की अमली पदार्थांसंबंधीचा कोणताही कायदा कधी मोडला आहे का. ग्रीन कार्डच्या आय-४८५ मध्येही तसाच प्रश्न आहे आणि तिथे पकडले गेला नसाल तरी उत्तर द्यावं लागतं. आधी कधी वापर झाला असेल, तर फॉर्म भरण्याच्या आधी वकिलाला भेटा, सही केल्यानंतर नाही. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीतला डॉक्टर हा तुमचा फॅमिली डॉक्टर नव्हे. त्याला सांगितलेलं अहवालात जातं आणि व्यसनाचं निदान लिहिलं गेलं तर साधारण १२ महिने त्यापासून दूर राहिल्याचं दाखवेपर्यंत अर्ज अडतो. औषधी गांजाचं कार्डही काढू नये. तो आपणच आपल्याविरुद्ध तयार केलेला कागद ठरतो.

समजा पोलिसांनी पकडलंच, किंवा पार्कमध्ये तिकीट मिळालं. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ‘शंभर-दोनशे डॉलरचा दंड आहे, भरून मोकळा हो’. दंड भरणं ही अनेकदा कबुलीच असते. आधी क्रिमिनल वकील आणि त्याच्यासोबत इमिग्रेशन वकील, दोघं एकत्र. २०१० पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाने क्रिमिनल वकिलावर इमिग्रेशनचे परिणाम सांगण्याची जबाबदारी आहे, पण अनेकांना ते बारकावे माहीत नसतात. मागायचं काय? कबुली न देता होणारं डायव्हर्जन, म्हणजे खटल्याऐवजी कोर्स वगैरे करून प्रकरण मिटवणं. ते जमत नसेल तर अमली पदार्थाशी संबंध नसलेल्या कलमात तडजोड. तेही नाही जमलं, तर कागदावर पदार्थाचं नाव येऊ न देणं. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण २०१५ च्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टात सगळं त्यावरच फिरलं. ग्रीन कार्डधारकाच्या मोज्यात चार गोळ्या सापडल्या होत्या. कॅन्सस राज्याच्या यादीत फेडरल यादीत नसलेले काही पदार्थही होते, आणि त्याच्या शिक्षेच्या कागदावर नेमका पदार्थ नव्हता. म्हणून त्याला काढण्याचा हुकूम टिकला नाही. २०१३ च्या दुसऱ्या खटल्यात गाडीत १.३ ग्रॅम गांजा सापडला होता, दोन-तीन सिगरेटी होतील एवढा. राज्याच्या कलमात ‘वितरणाच्या उद्देशाने’ असा शब्द असल्यामुळे सरकारने तो गंभीर गुन्हा ठरवला, आणि सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन तो माणूस त्यातून सुटला. १.३ ग्रॅमसाठी अनेक वर्षं. प्रकरण मिटेपर्यंत देशाबाहेर जाऊ नये, आणि कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत कायम जपून ठेवावी.

गाडीचं आणि जागेचं थोडक्यात. कोलोरॅडोत रक्तात प्रति मिलिलिटर ५ नॅनोग्रॅम टीएचसी असेल तर नशेत गाडी चालवत होता असं गृहीत धरता येतं, आणि नुसत्या डीयूआयच्या (नशेत गाडी चालवण्याच्या) अटकेवरून वकिलात व्हिसा रद्द करू शकते. गमीचा अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात, ‘काहीच झालं नाही’ म्हणून माणूस दुसरी खातो आणि स्टिअरिंगवर असताना दोन्ही एकदम चढतात. रॉकी माउंटन नॅशनल पार्क राज्यात असलं तरी जमीन फेडरल आहे. तिथे किंचित गांजा सापडला तरी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद आणि किमान १००० डॉलर दंड अशी कायद्यात तरतूद आहे. विमानतळाच्या तपासणीचंही तेच, तिथे फेडरल कायदा चालतो.

पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या ‘हेंप’ (कमी टीएचसी असलेलं गांजाचंच झाड) गमींबद्दल हमखास विचारतात. २०१८ च्या फार्म बिलाने ०.३ टक्के किंवा त्याहून कमी डेल्टा-९ टीएचसी (टीएचसीचा मुख्य प्रकार) असलेलं झाड गांजाच्या व्याख्येतून काढलं. त्या फटीतून डेल्टा-८ (टीएचसीचाच दुसरा प्रकार) वगैरे नशेचा माल देशभर विकला गेला. हेंपला मोकळीक देणारे सिनेटर मॅकॉनेलच ही फट बुजवायला पुढे झाले, आणि नोव्हेंबर २०२५ च्या कायद्याने पूर्ण डब्यात मिळून ०.४ मिलिग्रॅम टीएचसी ही मर्यादा घातली. ती नोव्हेंबर २०२६ पासून लागू होते. कोलोरॅडोच्या एका साध्या गमीत १० मिलिग्रॅम असतं, यावरून अंदाज करा. शिवाय लेबलवरचे आकडे दरवेळी खरे नसतात. तुमच्या भावाने यापासूनही लांबच राहावं.

आपल्या लोकांसाठी एक खास धोका भांगेचा. भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्यातून वगळली आहेत, म्हणून भांग त्या कायद्याबाहेर राहते आणि राज्यांच्या नियमांवर चालते. अमेरिकेच्या व्याख्येत पानंही आहेत. होळीला भांग करण्यासाठी भारतातून आणलेली गोळी किंवा पूड ही तिथे गांजाची आयात ठरते. आयुर्वेदिक औषधांच्या लेबलवर ‘विजया’ हा शब्द दिसला तर ती बाटली बॅगेत घालू नका. विजया म्हणजे भांगच. आईने गुडघेदुखीसाठी प्रेमाने दिलेल्या तेलात किंवा झोपेच्या थेंबांत ती असू शकते, आणि त्याच्या पुराव्यासाठी लेबलच पुरतं.

उलट दिशेनेही तेच. डेन्व्हरहून येताना व्हेपची कार्ट्रिज आणू नका. तिच्यातला घट्ट अर्क एनडीपीएसमध्ये गांजात नाही, चरसाच्या व्याख्येत येतो. गांजासाठी ‘अल्प प्रमाणा’ची (ज्याला सगळ्यांत कमी शिक्षा आहे) मर्यादा १ किलो आहे, चरसासाठी १०० ग्रॅम. २०२० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणात मिसळलेल्या इतर पदार्थांचंही वजन धरायचं असं ठरवलं, त्यामुळे गमीचं साखर-जिलेटिनसकट वजन मोजावं असा युक्तिवाद सरकारी पक्षाला करता येतो.

राहिली नोकरी. सॉफ्टवेअर विकणं म्हणजे गांजा विकणं नव्हे, हे बरोबर. पण फेडरल कायद्यात गुन्ह्याला मदत करणं हाही गुन्हा आहे, आणि इमिग्रेशन कायद्यात अधिकाऱ्याला अमली पदार्थांच्या व्यापारात हात असल्याचं ‘मानायला कारण’ असलं तरी प्रवेश नाकारता येतो. त्यासाठी खटला लागत नाही, आणि या बाबतीत ३० ग्रॅमची सवलत नाही. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन सेवेने लेखी स्पष्ट केलं, की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजा उद्योगातली नोकरीसुद्धा सिटिझनशिपसाठी लागणाऱ्या ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकते. साधारण अंतर असं धरावं: सगळ्याच प्रकारच्या दुकानांना पगारपत्रक किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी, जिच्या शंभर ग्राहकांत दोन गांजाचे आहेत, तिथे धोका कमी. फक्त गांजाच्या दुकानांसाठी बियाण्यापासून विक्रीपर्यंत मालाचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, तिथे धोका मोठा. तिथे एच-१बी चा अर्जच कंपनीच्या कामाचं वर्णन छापून अधिकाऱ्यासमोर जातो. थेट लागवड किंवा विक्री करणाऱ्या अमेरिकन कंपनीत पैसे गुंतवणंही याच कारणासाठी टाळावं.

भावाकडे ऑफर लेटर हातात असेल, तर सही करण्याआधी कंपनीला एकच लेखी प्रश्न विचारायला सांगा: महसुलातला किती टक्के भाग गांजाचा परवाना असलेल्या ग्राहकांकडून येतो. ते उत्तर आणि नोकरीचं वर्णन घेऊन स्वतःच्या खर्चाने इमिग्रेशन वकिलाला भेटावं. कंपनीचा वकील कंपनीचं हित बघतो, त्याच्या शब्दावर ग्रीन कार्डचा अर्ज पणाला लावू नये.